पन्नास लिटरमधला थवा: रासबोरा टाकीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

माशांची नवी टाकी आज जागेवर बसली. ६० सेमी लांब, ३० रुंद, ३६ उंच. गुणाकार ६४.८ लिटरचा येतो, पण तळाची माती, वरची मोकळी जागा आणि मधलं लाकूड वजा जाता प्रत्यक्ष पाणी ५० लिटरच मावेल. खत असो, औषध असो वा मासे, यापुढचे सगळे हिशेब या ५० वर करायचे.

पाणी भरायच्या आधी स्टँड लेव्हल लावून तपासला. एका पायाखाली दोन मिमीची पट्टी द्यावी लागली. रिकाम्या टाकीला हे पाच मिनिटांचं काम. भरल्यावर ते होणार नाही, आणि काचेच्या एकाच कोपऱ्यावर कायमचा ताण राहील.

मागच्या टाकीत चार निऑन, चार ग्लोलाइट आणि चार ब्लॅक फँटम होते. तिन्ही जाती शांत, बाराही मासे धडधाकट. तरी त्या बारांचा थवा कधी झालाच नाही. निऑन लाकडामागे, ग्लोलाइट हीटरच्या आडोशाला, आणि फँटम दिवसभर एकमेकांवर पंख ताणून. वर्षभर मी त्यांना लाजरे म्हणत राहिले. चार-चारांत त्यांना सोबत पुरत नव्हती, हे फार उशिरा लक्षात आलं. म्हणून या वेळी मधल्या पातळीला एकच जात, आणि तीही डझनभर.

जात ठरली: हार्लेक्विन रासबोरा. जेमतेम साडेचार सेमीपर्यंत वाढणारा मासा. अंग तांबूस-केशरी, आणि मध्यापासून शेपटीकडे निमुळता होत जाणारा काळा त्रिकोण. हा मासा मलाया द्वीपकल्प, सिंगापूर आणि सुमात्राच्या ओढ्यांतला. १९०४ मध्ये डुंकर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच्या प्रजातीचं आताचं नाव ट्रायगोनोस्टिग्मा, म्हणजे सरळसरळ ‘त्रिकोणी खूण’. पाणी २४ ते २६ अंश, थोडं आम्लधर्मी आणि मृदू असलं की खूष. माझ्या पाण्याचा पीएच ६.८ च्या आसपास असतो आणि क्षारही कमी, त्यामुळे पाण्याशी झगडायची गरज नाही.

१८ जानेवारी

लाकूड आठवडाभर बादलीत बुडवून ठेवलं होतं. आता ते तळाशी बसतं, मात्र पाणी अजून चहासारखं होतंय. होऊ दे. रासबोरा ज्या ओढ्यांत राहतात तिथे कुजलेल्या पानांमुळे पाणी असंच तपकिरी असतं.

मांडणी माशांच्या सवयीवरून केली. मागच्या काचेला व्हॅलिसनेरिया आणि हायग्रोफिलाची दाट रांग. डावीकडे लाकूड, त्याच्या बेचक्यात अॅन्युबियस आणि जावा फर्न दोऱ्याने बांधले. या दोघांचं आडवं खोड मातीत पुरलं की ते सडतं, म्हणून ते वरच ठेवायचं. उजवीकडे क्रिप्टोकोरिन वेन्टीचे सहा गड्डे. मुद्दाम रुंद पानांची जात घेतली, कारण रासबोरा अंडी घालते ती अशाच पानाच्या खालच्या बाजूला. मधे, टाकीच्या पूर्ण लांबीभर, मोकळी वाट ठेवली. पुढच्या १० सेमी पट्ट्यात बारीक, गुळगुळीत वाळू. ती नंतर येणाऱ्या कोरींसाठी, म्हणजे तळाशी चरणाऱ्या छोट्या माशांसाठी.

वर तरंगायला साल्व्हिनिया. थेट डोक्यावर उजेड पडला की हे मासे दबून राहतात, आणि वर सावलीचे तुकडे असले की मोकळे होतात. मागच्या टाकीत वरचा पृष्ठभाग पूर्ण उघडा होता, तीही एक चूक.

लावणीला चार तास गेले. क्रिप्टचा प्रत्येक गड्डा चिमट्याने तिरका खुपसून मग सरळ करायचा, नाहीतर सुटून वर येतो. दोन गड्डे तीन-तीनदा वर आले.

१९ जानेवारी

फिल्टर सुरू. छोटा कॅनिस्टर आहे, म्हणजे टाकीबाहेर बसणारा बंद डबा, तासाला ५०० लिटर फिरवणारा. पाणी ओढणाऱ्या नळीला बारीक स्पंज चढवला. हवेवर चालणारा दुसरा एक स्पंज फिल्टरही कोपऱ्यात लावलाय. तो इथे मुरवून नंतर क्वारंटाइनच्या डब्यात न्यायचा.

मासे न घालता सायकलिंग करणार आहे, म्हणजे फिल्टरात आधी जिवाणू वाढवणार. अमोनियम क्लोराइड विरघळवून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन भाग) आणला. मासे आणि कुजणारं अन्न अमोनिया तयार करतात. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशाला जाळतात, तिसरं थोडं असेल तर झाडं खातात. हे जिवाणू स्पंजवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात आणि तेवढे दिवस टाकी रिकामी बघायची तयारी हवी. हीटर २६ वर, दिवा टायमरवर रोज सहा तास.

२८ जानेवारी

क्रिप्ट वितळली. परवापर्यंत उभी असलेली पानं आज काचेसारखी पारदर्शक होऊन मातीवर लोळताहेत. पहिल्यांदा हे पाहिलं होतं तेव्हा मी सगळे गड्डे उपटून टाकले होते. क्रिप्टला जागा बदलली की जुनी पानं टाकून द्यायची सवय असते. मुळं जिवंत असली की नवी पानं येतात. मेलेली पानं कात्रीने बुडापासून कापली, गड्ड्यांना हात लावला नाही.

काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर आलाय. हे डायटम, नव्या टाकीचे नेहमीचे पाहुणे. बोटाने पुसले जातात.

अमोनिया १, नायट्राइट ०.२५.

६ फेब्रुवारी

अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येतोय. नायट्राइट मात्र चाचणीच्या पट्टीवरचा सगळ्यात गडद जांभळा. पहिली टोळी कामाला लागली, दुसरी अजून जमतेय. अमोनियाचा डोस निम्मा केला.

व्हॅलिसनेरियाची बाहेरची पानंही कुजायला लागली आणि त्यांच्यावर बुळबुळीत थर धरला. झाडांबरोबर आलेल्या रॅम्सहॉर्न गोगलगायी नेमक्या त्याच पानांवर बसल्यात. कित्येकजण या गोगलगायी दिसल्या की चिरडतात. मी ठेवते. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया एका टाकीत ठेवून पाण्याचा समतोल कसा राहतो ते मांडलं, तेव्हा त्याच्याही टाकीत हीच अडचण आली होती. व्हॅलिसनेरियाची पानं कुजून पाणी गढूळ झालं. त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी निवळलं. पावणेदोनशे वर्षांनी तेच झाड, तीच अडचण आणि तोच इलाज माझ्यासमोर चालू आहे. मी बराच वेळ टाकीपाशी बसून होते.

२१ फेब्रुवारी

काल संध्याकाळी २ पीपीएम अमोनिया घातला. आज त्याच वेळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. गेल्या तीन दिवसांत दुसऱ्यांदा हाच निकाल, म्हणजे योगायोग नाही. नायट्रेट ४० वर गेलंय. ७० टक्के पाणी बदललं, ते १२ च्या आसपास आलं.

क्रिप्टच्या सहाही गड्ड्यांतून नवी पानं वर आलीत, आणि आता ती पाण्याखालीच जन्मलेली असल्याने टिकतील.

२३ फेब्रुवारी

बारा रासबोरा आणले. मुख्य टाकीत नाही, ३० लिटरच्या क्वारंटाइन डब्यात: मुरवलेला स्पंज, हीटर, दोन प्लास्टिकच्या नळ्या, देशी बदामाची वाळलेली पानं, बस्स. कॅनिस्टर उपाशी राहू नये म्हणून मुख्य टाकीत चिमूट-चिमूट अमोनिया चालूच ठेवणार.

पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवली, मग दर पाच मिनिटांनी एक वाटी डब्यातलं पाणी आत. पिशवीतलं पाणी डब्यात ओतलं नाही.

डब्यात सोडल्याबरोबर बाराही जण एका गोळ्यात. नाक एकाच दिशेला, मधे फट नाही. रंग फिकट, त्रिकोण करडा. फोटोत हे फार देखणं दिसतं. मलाही पूर्वी थवा म्हणजे हेच वाटायचं.

आजपासून रोज संध्याकाळी एक माप लिहिणार आहे: पहिल्या माशापासून शेवटच्या माशापर्यंत थवा किती पसरलाय. माझी वीत २० सेमीची आहे, म्हणजे मुख्य टाकीची लांबी बरोबर तीन वीत. काचेला हात न लावता, लांबूनच अंदाज घ्यायचा. आज: अर्धी वीत.

२ मार्च

एका माशाच्या शेपटीवर मिठाच्या कणाएवढे तीन पांढरे ठिपके. दुसरा एक मासा नळीला अंग घासतोय. व्हाइट स्पॉट.

क्वारंटाइनचा कंटाळा येतो त्या प्रत्येकाने हे वाचावं. हेच मासे मी २३ तारखेला थेट झाडांत सोडले असते, तर आज मला औषध त्या टाकीत घालावं लागलं असतं, वाळू-लाकूड-झाडांसकट.

ठिपका दिसतो तो माशाच्या कातडीखाली बसलेला परजीवी, आणि तिथे औषध पोहोचत नाही. तो पिकून गळतो, तळाशी जाऊन कवच धरतो, कवचात शेकडो तुकडे होतात, ते फुटून पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. म्हणूनच ठिपके दिसेनासे झाले की औषध थांबवणारे फसतात. तापमान हळूहळू २८ वर नेतेय, म्हणजे हे चक्र लवकर फिरेल. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा हवा वाढवली. रोज तळाचा सायफन, कारण गळलेली कवचं तळाशीच असतात. जाळी, मग आणि टॉवेल या डब्याचे वेगळे.

थवा: अर्ध्या विताहून कमी.

५ मार्च

सगळ्यात लहान मासा सकाळी तळाशी मेलेला मिळाला. कल्ल्यांवर ठिपके होते, बाहेरून दोनच दिसत होते. अकरा राहिले.

११ मार्च

शेवटचा ठिपका पडून चार दिवस झाले. औषध अजून तीन दिवस चालू ठेवणार. अकराही जण खाताहेत.

२३ मार्च

शेवटच्या ठिपक्यानंतर दोन आठवडे उलटले, पाण्यात औषध उरलेलं नाही, तापमान परत २५. आज मुख्य टाकीत.

पकडताना एक चूक झाली. दहा मासे प्लास्टिकच्या मगात सहज आले. अकरावा येईना, म्हणून जाळी घातली आणि तो नळी आणि जाळीच्या काठामधे दाबला गेला. बाजूचे दोन-तीन खवले निघाले. त्याला मगात घेतलं तेव्हा मगातले बाकीचे दहा, जे तोवर बरे फिरत होते, एका क्षणात तळाशी गोळा होऊन निश्चल झाले. कुणी कुणाला धक्का दिला नव्हता, मग हलला नव्हता.

जखमी माशाच्या कातडीतून पाण्यात भीतीचा इशारा देणारं द्रव्य सुटतं. १९३८ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी मिनो माशांत हे दाखवून दिलं. तेच पुढे मधमाश्यांच्या नाचासाठी प्रसिद्ध झालेले. रासबोराही मिनोच्याच कुळाजवळची, कार्पगणातली. वाचलेलं होतं, डोळ्यांनी प्रथमच पाहिलं. मगातलं पाणी टाकीत जाऊ दिलं नाही. एकेक मासा हातानेच, मऊ जाळीत हलकेच धरून सोडला. इथून पुढे जाळीने पाठलाग नाही, दोन मग आणि सावकाशीने.

दिवा बंद ठेवलाय. मासे क्रिप्टच्या मागे. मोजमाप उद्या.

२६ मार्च

थवा: पाऊण वीत. तीन दिवस झाले, सगळे मोकळ्या वाटेच्या मधोमध, फिल्टरकडे तोंड करून, एकसारखे. पाहायला आलेल्या प्रत्येकाने ‘काय शिस्त आहे’ म्हटलं.

मला ती शिस्त खटकली. आज अर्धा तास एकाच माशाकडे पाहिलं. पुढे सरकत नाहीये, पण शेपूट थांबत नाहीये. कल्ल्याची उघडझाप मोजली: मिनिटाला शंभराच्या वर. क्वारंटाइनमध्ये याच माशांची मोजली होती तेव्हा सत्तर-पंचाहत्तर होती. मग साल्व्हिनियाकडे पाहिलं. सगळी पानं एका कोपऱ्यात ढकलून गोळा झालेली, आणि व्हॅलिसनेरिया वाऱ्यात वाकल्यासारखी तिरकी. मासे थव्यात पोहत नव्हते, प्रवाहाला धरून उभे होते. जागा सोडली की वाहून जातील, म्हणून सगळे एका रेषेत.

५० लिटरमध्ये तासाला ५०० म्हणजे पाणी तासात दहा वेळा फिरतंय. फिल्टरच्या खोक्यावर टाकीचा आकार जुळत होता, तेवढ्यावर मी विसंबले. रासबोरा संथ ओढ्यांतली.

स्प्रे बारची, म्हणजे पाणी टाकीत परत सोडणाऱ्या आडव्या नळीची, भोकं मागच्या काचेकडे फिरवली, म्हणजे पाणी आधी काचेवर आपटून पसरेल. परतीच्या नळीचा व्हॉल्व्हही एक तृतीयांश आवळला. फिल्टरात पाणी नेणाऱ्या नळीचा आवळायचा नाही, त्याने पंप कोरडा पडून खराब होतो.

दहाव्या मिनिटाला पहिला मासा वळला आणि उलट्या दिशेने निघाला.

२७ मार्च

थवा: दीड वीत. कल्ले: मिनिटाला ऐंशीच्या आसपास.

६ एप्रिल

खाण्याची पद्धत ठरली. तोंड लहान आहे, त्यामुळे फ्लेक्स बोटांत चुरून. सगळं एका जागी टाकलं तर दोन मोठ्या माद्याच खातात, म्हणून एक चिमूट डावीकडे, आणि त्या तिकडे गेल्या की दुसरी उजवीकडे. आठवड्यातून दोनदा गोठवलेलं डॅफ्निया किंवा आर्टेमिया, एक दिवस उपास. दोन मिनिटांत संपेल तेवढंच.

नर-मादी ओळखता येऊ लागलेत. त्रिकोणाची पुढची कड मादीत सरळ उभी उतरते. नरात तिचं खालचं टोक पोटाकडे गोलसर पुढे आलेलं असतं, आणि नर बारीकही. माझ्या मोजणीने सहा माद्या, पाच नर.

नर एकमेकांसमोर पंख ताणून तिरपे उभे राहतात, दोन-तीन सेकंद, मग सुटतात. कुणाचा पंख फाटलेला नाही. हे भांडण थवा मोठा असेल तरच असं वाटलं जातं. चार माशांत ते कायम एकाच्याच नशिबी येतं. ती मागच्या टाकीतल्या ब्लॅक फँटमची गोष्ट होती.

१३ एप्रिल

हायग्रोफिलाच्या जुन्या पानांना टाचणीने पाडावीत तशी भोकं, कडा पिवळट. ही पोटॅशियमची उणीव. मी मासे थोडे आणि अन्न मोजकं देते, त्यामुळे झाडांना पाण्यातून मिळणारंही थोडंच. आठवड्याच्या पाणीबदलानंतर पोटॅशियम आणि लोह असलेलं द्रवखत देणार, बाटलीवरच्या मापाच्या निम्मं. टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडत नाही, झाडांची गती मंद आहे, पूर्ण डोस दिला तर तो शेवाळच खाईल.

२० एप्रिल

जावा फर्नवर केसांसारखं हिरवं शेवाळ. माझाच दोष: झाडं चांगली धरली म्हणून दिवा सहावरून एकदम साडेआठ तासांवर नेला होता. परत सहावर आणला. दात घासायचा जुना ब्रश गोल फिरवून शेवाळ गुंडाळून काढलं. दिव्याची पुढची वाढ आठवड्याला पंधरा मिनिटं, आणि शेवाळ दिसलं की तिथेच थांबायचं.

आठ पिग्मी कोरी क्वारंटाइनमध्ये आल्या. तीन आठवडे तिथेच.

११ मे

कोरी आत. जेमतेम अडीच सेमीच्या, अंगावर एक काळी रेघ. मोठ्या कोरींसारख्या त्या तळालाच धरून राहत नाहीत. वाळूत मिशा खुपसून थोडं शोधतात, मग उठून अर्ध्या पाण्यात भिंगरीसारखे पंख हलवत तरंगतात. मधूनच एखादी बाणासारखी वर जाऊन हवेचा घोट घेऊन येते. यात घाबरण्यासारखं काही नाही; कोरी आतड्यातून हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. सगळ्याच सारख्या वर जायला लागल्या तर मात्र पाणी तपासावं.

वाळू बारीक ठेवल्याचा फायदा आज दिसला. एक कोरी डोळ्यांपर्यंत वाळूत गेली आणि कल्ल्यांतून वाळूची बारीक धार सोडत बाहेर आली. टोकदार खडी असती तर मिशा झिजल्या असत्या.

रासबोरांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थवा: दोन वीत.

१८ मे

काचेवरचं झाकण माझ्या हातून निसटलं, खाडकन आवाज झाला. बाराव्या सेकंदाला पाहते तर अकरा रासबोरा मुठीएवढ्या गोळ्यात, व्हॅलिसनेरियाच्या बुडाशी. पहिल्या दिवशीचा तोच गोळा. मी मागे सरकले आणि घड्याळ लावलं. चार मिनिटांनी गोळा सैल झाला, अकरा मिनिटांनी ते वाटेवर आले, पंचवीस मिनिटांनी परत दोन वीत.

फेब्रुवारीतल्या गोळ्यापासून याच अंतराला कित्येक आठवडे लागले होते. ज्याला कुणाला ही टाकी दाखवते, तो विचारतो की हे एकत्र का फिरत नाहीत, आजारी तर नाहीत. मी झाकणाचा हा प्रसंग सांगते. गोळा करणं त्यांना नीट येतं, भीती वाटली की ते करतात. बाकीचा वेळ हाकेच्या अंतरावर राहून आपापलं चरत असतात.

२५ मे

नेहमीचा ३० टक्के पाणीबदल. नायट्रेट १० च्या आत, पीएच ६.६. फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळला, नळाखाली कधीच नाही. क्लोरीनने सगळी वस्ती धुऊन जाईल. नव्या पाण्यात क्लोरीन घालवणारं औषध बादलीतच मिसळते आणि तापमान हाताने नाही, थर्मामीटरने जुळवते.

थव्याचं माप आज घेता आलं नाही. दोघं अगदी डाव्या काचेपाशी, एक उजव्या कोपऱ्यात साल्व्हिनियाची मुळं टोचतोय, तीन क्रिप्टवर, बाकीचे मधे. दोन कोरी त्या मधल्यांत मिसळून फिरताहेत. तीन वीत लिहिलं आणि वही मिटली. रोजचं माप इथे थांबवते.

१ जून

सकाळी सात. दिवा लागायच्या आधी, खिडकीच्या उजेडात एक नर क्रिप्टच्या सगळ्यात रुंद पानाखाली घिरट्या घालत होता. अंगाचा केशरी रंग इतका गडद मी पाहिला नव्हता. एक फुगीर मादी आली, पानाखाली उलटी झाली आणि पोट पानाला घासत पुढे सरकली. नर तिच्या शेजारी तसाच उलटा झाला, शेपूट तिच्या पाठीवरून वळवली, दोघं एकदा थरथरली आणि सुटली. चाळीस मिनिटांत असं नऊ वेळा. बाकीचे नऊ जण तेवढा वेळ त्या पानापासून लांब नव्हते, आणि कशासाठी ते उघड होतं. दोघांनी पानाखाली तोंड घातलेलं मी पाहिलं.

पान देठापासून कापलं, मगात पाण्याखालीच ठेवून क्वारंटाइनच्या डब्यात नेलं. टाकीचंच पाणी, स्पंज अगदी मंद बुडबुड्यांवर, डब्यावर टॉवेलचा अंधार. भिंगातून मोजली: चौदा अंडी, काचेच्या मण्यांसारखी.

२ जून

नऊ अंडी पांढरी पडली, बुरशी आली. ती चिमट्याने एकेक काढली, म्हणजे शेजारच्या अंड्यांना लागणार नाही. पाच स्वच्छ होती. त्यातली दोन संध्याकाळपर्यंत जागची हलली नाहीत.

तीन फुटली. पापणीच्या केसाएवढी पिल्लं, पोटाला बलकाची पिशवी, काचेला चिकटून लोंबताहेत. बलक दोन-तीन दिवस पुरेल. मुख्य टाकीतल्या मॉसचा एक गठ्ठा आताच डब्यात सोडलाय, त्यावरचे सूक्ष्मजीव पोहायला लागल्यावर कामी येतील.

तिघं एकाच काचेवर आहेत, एकमेकांपासून बोटभर अंतरावर.